पासष्ट हजार पाचशे पस्तीस पेशंट

मीटरमास्तरांचं म्हणणं एवढंच होतं, की माणूस उणे असू शकत नाही. असला तर एक असतो, दोन असतात, आणि नसला तर शून्य. उणे तीन माणसं डोळ्यांच्या दवाखान्यात येऊन बाकावर बसलीत असं आजवर कुणाला दिसलं असेल, तर त्याने त्याच दवाखान्यात आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.

हे ते खालच्या मजल्यावरच्या इंजिनियरांना सांगत होते. इंजिनियर वर्तमानपत्र परत द्यायला म्हणून वर आले होते आणि सव्वा तास झाला तरी वर्तमानपत्र त्यांच्याच हातात होतं. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पण सल्ला विचारल्यावर देणं ही त्यांच्या मते नोकरी होती, आणि नोकरीतून ते कधीच निवृत्त झाले होते.

मास्तर हे खरे मास्तर नव्हेत. बत्तीस वर्षं त्यांनी वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत घराघरांतले मीटर तपासले. त्यांनी सील ठोकलेल्या मीटरवर कधी तक्रार आली नाही, म्हणून लोक मास्तर म्हणू लागले. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी घरातली घड्याळं दुरुस्त केली. घरातली सगळी घड्याळं बंद पडल्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. टेबलावर तळहाताएवढं एक सर्किट आलं, त्याला वायरी फुटल्या, आणि एके दिवशी त्यावरचा दिवा मास्तरांच्या हुकमाने लुकलुकला. तो दिवा त्यांनी बायकोला चौदा वेळा दाखवला.

बायको म्हणजे काउंटरताई. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या सव्वीस वर्षं काउंटरवर बसत होत्या, आणि आता तो काउंटरच जाणार होता. एक कंपनी दारात कपाटाएवढं यंत्र उभं करणार होती. पेशंटने बटण दाबायचं, चिठ्ठी घ्यायची, नंबर पुकारला की आत जायचं. काउंटरच्या जागी चष्म्यांच्या फ्रेमचं काचेचं कपाट येणार होतं. डॉक्टरबाईंनी हे ताईंना फार प्रेमाने सांगितलं. "तुम्हालाही आता विश्रांती हवीच की," असंही म्हणाल्या. विश्रांती घेणारा माणूस ताई दीड वर्ष घरात बघत होत्या.

म्हणून त्या पटकन बोलून गेल्या, "कंपनी कशाला बाई? आमच्या ह्यांना येतं ते. ते करून देतील."

चौतीस वर्षांच्या संसारात बायकोने चारचौघांत आपल्याला काही येतं असं म्हटल्याची ही पहिली वेळ होती. मास्तरांना ती बातमी दूधवाल्याकडून कळली, आणि त्या दिवशी ते जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढले. बेत त्यांनी तत्काळ आखला. कंपनीचं यंत्र माणसाशिवाय चालणार होतं, म्हणून आपलं यंत्र ताईंशिवाय चालताच कामा नये. काउंटरवर हिरवं बटण ठेवायचं. पेशंट आला की ताईंनी ते दाबायचं आणि त्याचं वय भरायचं. डॉक्टरबाईंच्या टेबलावर लाल बटण ठेवायचं. पेशंट तपासून बाहेर निघाला की त्यांनी ते दाबायचं. हिरव्याने एक वाढणार, लालने एक कमी होणार. हॉलमध्ये पडद्यावर आकडा दिसेल, आणि डोळ्यांच्या दवाखान्यात आकडा दिसेलच याची खात्री नसल्यामुळे तो ऐकूही येईल.

आता या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची एक रीत अशी, की कुठलीही गोष्ट वापरण्याआधी ती जाहीर करावी लागते. डबा कसला आहे, त्याचं नाव काय, एक आहे की ओळीने वीस, हे आधी लिहून द्यायचं, मगच त्यात काही ठेवायचं. मास्तरांना हे मनापासून आवडलं. घरात त्यांना आजवर काही जाहीर करायला मिळालं नव्हतं. ताई घड्या घालत बसल्या असताना त्यांनी खुर्चीत ताठ बसून पहिली ओळ मोठ्याने वाचली: अनसाइन्ड इंट, नाव 'थांबलेले'. म्हणजे थांबलेल्या पेशंटांचा बिनचिन्हाचा, उणे कधीच न होणारा पूर्णांक. दुसरी ओळ: अनसाइन्ड इंट, नाव 'वय', कंसात वीस. म्हणजे तसलेच वीस डबे एका ओळीत, एका फळीवर वीस मीटर ठोकावेत तसे. सकाळच्या पाळीत डॉक्टरबाई वीसच पेशंट घेत.

"वयही उणे नसतं," मास्तर म्हणाले. "निदान पेशंट जन्माला आल्यानंतर."

इंजिनियरांचा आक्षेप इथेच होता.

"मास्तर, साधा चिन्हाचा पूर्णांक घ्या. चुकून उणे एक आलं तर उणे एक दिसेल. काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळेल."

"उणे एक येणारच नाही. शिवाय चिन्ह ठेवलं तर हा डबा बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच जातो. चिन्ह काढलं की पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत जागा आहे."

"अहो, वीस पेशंटांना बत्तीस हजार पुरत नाहीत?"

"प्रपंचात थोडी जास्त जागा असलेली बरी."

इंजिनियरांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली. "बरं, असं बघा. तुमचा मीटर शून्यावर आहे. तो कुणी उलटा फिरवला. काय दिसेल?"

मास्तरांनी चष्मा काढला. "मीटर उलटा फिरवणं गुन्हा आहे."

"असू दे गुन्हा. पण दिसेल काय?"

"गुन्हेगाराला काय दिसतं ते मला विचारू नका," मास्तर म्हणाले आणि तो विषय तिथेच मिटला. बत्तीस वर्षांच्या सचोटीपुढे उंटावरच्या शहाण्याने आणखी काय बोलावं? मीटर उलटा फिरला की शून्यामागे सगळे नऊ उभे राहतात, हे मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि शेजाऱ्याने दाखवून दिलेलं मान्य करणं वेगळं.

मग आवाजाचं काम निघालं. आपल्या भाषेत शंभरापर्यंतच्या प्रत्येक आकड्याला स्वतंत्र नाव आहे, त्यामुळे मास्तरांना ते सगळे एकेक करून रेकॉर्ड करावे लागले. घरात शांतता फक्त न्हाणीघरात होती. तीन दिवस सकाळी न्हाणीघरातून खणखणीत आवाजात "एकोणसत्तर", "एकोणऐंशी", "नव्वद" असं ऐकू येत होतं, आणि तो आवाज पाइपांतून चारही मजल्यांवर जात होता. समोरच्या काकूंनी ताईंना जिन्यात गाठून हळूच विचारलं, "मास्तरांना कुणी आसनं बिसनं सांगितलीत का?" शेवटी मास्तरांनी "शे" आणि "हजार" हेही रेकॉर्ड केलं.

"हजार कशाला?" ताईंनी विचारलं. "हॉलमध्ये बाक चार आहेत."

"असू द्यावा. ऐन वेळी शब्द नसला की धावाधाव होते."

सोमवारी यंत्र बसलं. पहिला पेशंट म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. कुठेही पहिला नंबर लागावा म्हणून ते दवाखाना उघडायच्या तासभर आधी येऊन पायरीवर बसत. ताईंनी हिरवं बटण दाबलं, पडदा उजळला, आणि मास्तरांचा न्हाणीघरातला आवाज घुमला, "क्रमांक शून्य."

मुख्याध्यापकांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"शून्य कोण?" त्यांनी विचारलं.

मास्तर अदबीने पुढे झाले. त्यांनी समजावलं, की या भाषेत डब्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पहिल्याला शून्य म्हणतात आणि यात कमीपणा काही नाही.

"मी अडतीस वर्षं शून्य दिलेत," मुख्याध्यापक म्हणाले. "घेतलं एकदाही नाही. तुमच्या यंत्राला मोजणी येत नसेल तर त्याला पहिलीत बसवा." आणि ते खरोखर निघून गेले. दुसरे गृहस्थ शून्य नंबर घ्यायला तयार होईनात, तिसऱ्या बाई म्हणाल्या की शून्य नंबरवाल्याला चष्मा लागतो की नाही ते आधी सांगा. अर्धा तास दारात सगळे एकमेकांना "तुम्ही आधी" म्हणत उभे राहिले. दवाखान्याच्या इतिहासात एवढं सौजन्य कधी दिसलं नव्हतं.

मास्तरांनी त्या दुपारी तोड काढली. शून्याचा डबा रिकामा सोडायचा आणि एकपासून सुरुवात करायची. मान राहिला, काम झालं. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. डबे वीसच होते, शून्यापासून एकोणीसपर्यंत. पहिला सोडल्यावर विसाव्या पेशंटाला डबाच उरला नाही. दुसऱ्या एखाद्या भाषेने यावर आरडाओरडा केला असता. ही भाषा भिडस्त. तोंडावर काही बोलत नाही, सांगितलेलं मुकाट्याने करते आणि होईल ते बघत बसते.

मंगळवारी विसावा नंबर एका आजींचा आला. ताईंनी वय भरलं, चौऱ्याऐंशी. डबा नव्हता, म्हणून ते चौऱ्याऐंशी फळीवरून पुढे सरकून शेजारच्या डब्यात जाऊन बसलं, आणि शेजारी राहत होता 'थांबलेले'.

"थांबलेले पेशंट, चौऱ्याऐंशी," मास्तरांचा आवाज म्हणाला. "कृपया शांतता राखा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी मोजलं, तर सतरा भरले. मग वरच्या मजल्यावर आणखी एक हॉल आहे आणि तिथल्यांना आधी घेतात, अशी बातमी पसरली. दोघे वरचा मजला शोधायला गेले. दवाखान्याला वरचा मजला नव्हता, त्यामुळे ते बराच वेळ आले नाहीत. नऊ जण कंटाळून घरी गेले. आजी तेवढ्या खुशीत होत्या. एवढे लोक आपल्यासाठी खोळंबलेत असा त्यांचा समज झाला होता.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हेच मास्तरांना जास्त लागलं. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "उद्या कंपनीचे गृहस्थ येणारच आहेत. दोन्ही बघू आणि उद्याच काय ते ठरवू." घरी जाताना मास्तरांनी दोनदा विषय काढला, तर ताई "गाडी येतेय, कडेने चाला" एवढंच म्हणाल्या.

चूक इंजिनियरांनी काढली. वर्तमानपत्र न्यायला आले होते. "वीस मीटरांची फळी," ते म्हणाले, "आणि एकविसावा भिंतीत ठोकलात. तिथे दुसऱ्याची खिडकी होती." मास्तरांनी विसाचे एकवीस केले. "आणि ते चिन्हाचं?" इंजिनियरांनी विचारलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं. एका संध्याकाळी एकच हार पत्करायची, असा त्यांचा नियम होता.

बुधवारी यंत्र सुरेख चाललं. क्रमांक एक, क्रमांक दोन, मुख्याध्यापक परत आले आणि सन्मानाने एक झाले. डॉक्टरबाई एकेकाला आत घेत, प्राथमिक तपासणी करून बाहुली मोठी करायचे थेंब घालत, लाल बटण दाबत आणि पेशंटाला परत हॉलमध्ये बसवत. थेंब चढायला अर्धा तास लागतो, मग दुसरी फेरी. अकराच्या सुमाराला पडद्यावरचा आकडा शून्यावर आला. हॉलमध्ये चौदा माणसं थेंब घालून बसली होती. कुणालाच धड दिसत नव्हतं आणि सगळे शांत होते. मास्तरांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या किंचित हसल्या.

तेवढ्यात टाय लावलेले कंपनीचे गृहस्थ आले. "मला नंबर नको, फक्त दोन मिनिटं," असं म्हणत ते काउंटरवरून थेट आत गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले. आणि माणूस बाहेर निघाला की बटण दाबायचं, ही सवय डॉक्टरबाईंच्या हाताला तीन दिवसांत पक्की झाली होती.

"थांबलेले पेशंट," मास्तरांचा आवाज म्हणाला, "पासष्ट हजार पाचशे पस्तीस. कृपया शांतता राखा."

शांतता तर अशी पसरली की बाहेरच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली.

"पासष्ट हजार?" कोपऱ्यातून एकाने विचारलं. "बसलेत कुठे?"

"मला तर कुणी दिसत नाही."

"मलाही नाही. पण आपल्याला दिसत नाहीत म्हणजे नाहीत, असं थोडंच आहे? थेंब घातलेत."

हे सगळ्यांना पटलं. एक गृहस्थ सरकून बसले आणि शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणाले, "या, बसा." एका बाईंनी कोट अडकवायच्या खुंटाळ्याला विचारलं, "तुमचा कितवा?" एकाने घरी फोन लावला. "जेवायला थांबू नका. नाही, उद्याही नका थांबू." मुख्याध्यापकांनी डोळे मिटून तोंडी गणित केलं आणि जाहीर केलं, की माणशी पाच मिनिटं धरली तर दिवसरात्र तपासूनही साडेसात महिने लागतील, आणि यात डॉक्टरबाईंचं जेवण धरलेलं नाही.

मास्तर डॉक्टरबाईंच्या टेबलाकडे धावले. आकडा जास्त आहे तर कमी केला पाहिजे, एवढंच त्यांना सुचलं. त्यांनी लाल बटण दाबलं.

"पासष्ट हजार पाचशे चौतीस."

"झाला एक," हॉलमधून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना हायसं वाटलं.

मास्तरांनी पुन्हा दाबलं. तेहतीस. पुन्हा. बत्तीस. हॉलमध्ये उत्साह आला, प्रत्येक आकड्याला लोक माना डोलवू लागले. "आज बाई फार पटापट बघताहेत," एक आजोबा कौतुकाने म्हणाले. मास्तरांच्या कपाळावर घाम जमला होता, बोट बटणावर होतं, आणि पाचशे सातपर्यंत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अजून पासष्ट हजार बाकी आहेत. हिरवं बटण एकदाच दाबलं असतं तर आकडा मुकाट शून्यावर आला असता, हे इंजिनियरांनी त्यांना संध्याकाळी सांगितलं. ते ऐकून मास्तर आठ दिवस इंजिनियरांशी बोलले नाहीत.

आवाज एकदम थांबला. ताईंनी प्लग काढला होता.

त्या काउंटरमागून बाहेर आल्या, हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कुणी उठू नका. हेडमास्तर, तुमचे थेंब सव्वादहाचे, डावा डोळा, तुम्ही आत चला, माझा हात धरा. त्यांच्यानंतर निळ्या स्वेटरच्या बाई, दोन्ही डोळे. वहिनी, तुम्हाला आणखी दहा मिनिटं, तुमची बाहुली उशिरा उघडते, मागच्या वेळीही असंच झालं होतं. आजोबा, तुम्ही कपाटाशी बोलताय, इकडे बसा." हातात कागद नव्हता, समोर पडदा नव्हता. चौदा माणसं, कुणाचा कुठला डोळा, किती वाजताचे थेंब, सगळं त्या बोलत गेल्या, आणि पाऊण तासात दुसरी फेरी आटोपली.

डॉक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी टायवाल्या गृहस्थांना विचारलं, "तुमच्या यंत्रात ही दुसरी फेरी कशी होते?"

गृहस्थांनी टाय सैल केला. "ती सोय पुढच्या मॉडेलमध्ये येईल, मॅडम."

"आणि मास्तर, तुमच्या यंत्रात?"

मास्तरांच्या यंत्रात दुसरी फेरी नव्हती. ती काढायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत बायको दिवसभर नेमकं काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले. "आणि आकडा बिघडला तो मीटर शून्यावरून उलटा फिरला म्हणून. हे गृहस्थ नंबर न घेता आत गेले. म्हणजे न आलेला माणूस बाहेर पडला. असं होऊ शकतं हे मला धरायला हवं होतं. चूक माझी..."

"चूक कसली," ताई मध्येच म्हणाल्या. "त्यांनी मुद्दाम केलं, बाई. मशीन अडलं तर हॉलचं काय होतं, ते निर्णय घ्यायच्या आधी तुम्हाला दिसावं म्हणून. कालपासून घरी हेच चाललं होतं."

मास्तरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बत्तीस वर्षांत त्यांनी एकाही खोट्या रीडिंगवर सही केली नव्हती. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. "मास्तर, तुम्ही एवढे पुढचे असाल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि टायवाल्या गृहस्थांना चहा विचारून त्यांनी त्यांचं माहितीपत्रक त्यांच्याच हातात परत दिलं. काउंटर जिथे होता तिथेच राहणार होता.

दुपारी दोघं चालत घरी निघाली. सर्किट, वायरी आणि दोन्ही बटणं पिशवीत होती. वळणावर मास्तरांना राहवेना.

"अगं, ते मुद्दाम नव्हतं."

"मला माहीत नाही का?"

"मग एवढं धडधडीत खोटं तुला सुचलं तरी कसं? तुझा चेहरासुद्धा हलला नाही."

"सव्वीस वर्षं रोज लोकांना 'पाचच मिनिटं' म्हणून सांगते," ताई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा घरच्या माणसासाठी बोलले."

मास्तरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडताना बायकोचा हात धरला. दुपारची वेळ होती, समोरून इंजिनियर येत होते, तरी त्यांनी तो सोडला नाही.